जेझुइट पोर्सेलिन

जेझुइट पोर्सेलिन : ख्रिस्ती धर्मकथांतील प्रसंग, संतांच्या आकृती किंवा धर्मसंघांची चिन्हे रंगवून चीनमध्ये परदेशी गिऱ्हाइकांसाठी तयार केलेली चिनी मातीची भांडी. संज्ञा रूढ असली तरी ती फसवी आहे. जेझुइट या रोमन कॅथलिक धर्मसंघाची स्थापना १५४० मधली. त्याआधीच येशूच्या नावाचे ‘आयएचएस’ हे अक्षरचिन्ह यूरोपात सर्वत्र प्रचलित होते, त्यामुळे ते एखाद्या सुरईवर दिसले म्हणून ती सुरई जेझुइटांचीच ठरत नाही.

पोर्तुगीज १५१३ मध्ये चीनच्या किनाऱ्यावर पोहोचले आणि काही दशकांतच जिंगदेझेन येथील भट्ट्यांतून त्यांच्या मागणीनुसार निळी-पांढरी भांडी निघू लागली. पोर्तुगालमधील बेजा येथील संग्रहालयात असलेल्या एका वाडग्यावर मेरीच्या प्रार्थनेचे लॅटिन शब्द असून, मलाक्काचा कप्तान पेरो द फारिया याचे नाव आणि १५४१ हे साल त्यावर लिहिलेले आहे. रंगवणाऱ्या कारागिराला ही लिपी वाचता येत नव्हती. समोरच्या नमुन्यातील रेघ पाहून त्याने ती भांड्यावर उतरवली. अशा प्रकारच्या इतर भांड्यांवर अक्षरे उलटी किंवा गळलेली आढळतात, ती याच कारणाने. १५५७ मध्ये मकाव येथे पोर्तुगीजांची वसाहत झाल्यावर धर्मसंघांच्या मागण्याही येऊ लागल्या. ऑगस्टिनियन संघाच्या भांड्यांवर आपल्याकडच्या गंडभेरुंडाची आठवण करून देणारा दोन डोक्यांचा गरुड आणि बाणांनी विद्ध झालेले हृदय दिसते. मकावहून लिस्बनला जाणारा माल गोव्यावरून जात असे. जुन्या गोव्यात चिनी पोर्सेलिनचे तुकडे सापडले आहेत.

जिंगदेझेन येथील कारागिरीचे सविस्तर वर्णन करणारा फ्रेंच जेझुइट पाद्री दांत्रकोल याने १७१२ च्या पत्रात एक हृद्य नोंद केली आहे. एका दुकानाच्या मोडतोडीतून त्याच्याकडे एक लहानशी ताटली आली. तिच्या तळाशी क्रूसावरील येशू आणि दोन्ही बाजूंना मेरी व संत जॉन रंगवलेले होते, आणि उत्तमोत्तम पोर्सेलिनपेक्षाही ती त्याला मोलाची वाटली. अशा ताटल्या पूर्वी जपानला जात, पण सोळा-सतरा वर्षांपासून त्या बनत नाहीत, असे त्याला सांगण्यात आले. इतर मालाच्या पेट्यांत मिसळून त्या छळ सोसणाऱ्या जपानी ख्रिस्ती लोकांपर्यंत पोहोचत असाव्यात आणि पुढे कडक तपासणीत ही युक्ती उघडी पडली असावी, असा तर्क त्याने केला.

या प्रकारातील सर्वांत परिचित भांडी १७३० नंतरची आहेत. पांढऱ्या पृष्ठभागावर काळ्या मिन्याच्या बारीक रेघांनी प्रसंग काढायचा आणि जागोजागी सोनेरी रंग भरायचा, अशी ही पद्धत. भट्टीत टिकणारा काळा रंग सहज साधला नव्हता. उत्तम चिनी शाईने रंगवून पाहिलेली भांडी भाजल्यावर कोरी पांढरी निघाली, असे दांत्रकोलनेच लिहून ठेवले आहे. काळा रंग साधल्यावर मात्र यूरोपीय छापचित्रातील छायेच्या आडव्यातिडव्या रेघासुद्धा ताटलीवर हुबेहूब उतरवता येऊ लागल्या. येशूचा जन्म, क्रूसारोहण, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण या प्रसंगांच्या ताटल्या यान लाउकेन या डच चित्रकाराच्या बायबलचित्रांवर आधारलेल्या आहेत. क्रूसारोहणाच्या ताटलीत क्रूसाच्या पायथ्याशी बसलेले शिपाई येशूच्या वस्त्रासाठी फासे टाकताना दिसतात. प्रॉटेस्टंट देशात छापलेल्या चित्रांवरून रंगवलेल्या या ताटल्यांना जेझुइटांचे नाव चिकटावे, हे त्या संज्ञेचे मोठेच वैगुण्य होय.

फूज्यान प्रांतातील दहुआ येथील शुभ्र मूर्तींचा विचार वेगळा करावा लागतो. तेथे घडणारी, मांडीवर मूल घेतलेली ग्वानयिन ही संतती देणारी बौद्ध देवता आहे. परंतु १६१४ च्या धर्मबंदीनंतर जपानमधील गुप्त ख्रिस्ती कुटुंबे तिच्यात मेरी पाहून तिच्यापुढे प्रार्थना करीत. ‘मारिया कान्नोन’ (कान्नोन हे ग्वानयिनचे जपानी नाव) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, नागासाकीच्या अधिकाऱ्यांनी जप्त केलेल्या अशा मूर्ती आता टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.