डोळ्याचा रंग: दूरदर्शनच्या बोधचिन्हाची पार्श्वभूमी

दोन वक्ररेषा गरगरत जवळ येतात, मधल्या गोलाभोवती स्थिरावतात आणि डोळा तयार होतो. दूरदर्शनचे हे फिरते चिन्ह, त्याच्या शहनाईसकट, पहिल्यांदा दिसले १ एप्रिल १९७६ रोजी. त्याच दिवशी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. चिन्ह होते अहमदाबादच्या डिझाइन संस्थेतल्या एका विद्यार्थ्याचे, वर्गात मिळालेल्या कामातून निघालेले. १४ आराखड्यांतून त्यावर शिक्कामोर्तब केले तत्कालीन पंतप्रधानांनी. ते हलते कसे केले? चित्राच्या प्रती काढल्या आणि कॅमेऱ्याखाली फिरवत फिरवत टिपल्या. एवढेच.

१९९२ नंतर खासगी वाहिन्या आल्या. संगणकावर घडवलेली, चकाकत उलटीपालटी होणारी चिन्हे त्यांनी आणली आणि डोळा जुनाट वाटू लागला. २०१७ साली नव्या चिन्हासाठी खुली स्पर्धा झाली, प्रवेशिका हजारोंनी आल्या. चिन्ह तेच राहिले.

बदलला तो रंग. १६ एप्रिल २०२४ रोजी दूरदर्शनच्या वृत्तवाहिनीचे लाल चिन्ह भगवे झाले. की केशरी? की नारिंगी? लोकसभेच्या मतदानाचा पहिला टप्पा तीन दिवसांवर होता, आचारसंहिता लागू होती. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती या महामंडळाच्या माजी प्रमुखाने, जे तेव्हा विरोधी पक्षाचे खासदारही होते, भगवेकरणाचा आरोप केला. तेव्हाच्या प्रमुखांनी रंग नारिंगी असल्याचे सांगितले. पडद्यावर उठून दिसावा म्हणून निवडला, असा त्यांचा खुलासा.

इंग्रजी बातम्यांना 'सॅफ्रन' हा एकच शब्द पुरला. कोशात त्याचा अर्थ केशर, राजकारणात भगवा. मराठीत तेवढ्याने भागत नाही. भगवा म्हणजे संन्याशाची छाटी, वारकऱ्याची पताका, गडावरचा झेंडा. केशरी म्हणजे तिरंग्याचा वरचा पट्टा. तो 'भगवा' म्हणून शाळेत कुणी शिकवत नाही. नारिंगी तेवढा बिनराजकारणाचा, म्हणूनच खुलाशाला सोयीचा. छटा डोळ्यांनी पाहून ठरवायची म्हटली तरी प्रत्येकाच्या टीव्हीवर ती थोडी वेगळीच दिसणार. तेव्हा प्रश्न छटेचा कमी, मुहूर्ताचा जास्त. हाच बदल वर्षभर आधी झाला असता तर इतका गदारोळ झाला नसता.

सत्ताधारी पक्षाच्या एका नेत्याने आणखी एक दावा केला: १९५९ साली दूरदर्शन सुरू झाले तेव्हाही चिन्ह भगवेच होते, सरकारने मूळ रंग परत आणला. १९५९ साली दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण चालू झाले हे खरे, पण हा डोळा जन्मला त्यानंतर १७ वर्षांनी. आणि जन्मला तेव्हाही घराघरांत दिसला तो काळ्या-पांढऱ्यातच. रंगीत प्रक्षेपण आले १९८२ साली.