ख्रिस्ती शील आणि रोजची साधना

ख्रिस्ती शील म्हणजे येशूसारखा स्वभाव माणसात हळूहळू घडत जाणं, आणि तो घडावा म्हणून घरात, कामावर, प्रवासात रोज जे केलं जातं, प्रार्थना, पवित्र शास्त्राचं म्हणजे बायबलचं वाचन, आत्मपरीक्षण, उपास, दान, चुकलं तर माफी मागणं, ती झाली साधना. एक गोष्ट आधीच क्लिअर केलेली बरी, साधना करून तारण, म्हणजे पापातून सुटका, कमावता येत नाही, ते देवाच्या कृपेनेच मिळतं असं प्रमुख ख्रिस्ती पंथ मानतात. पण कृपा मिळाली म्हणून तापट माणूस दुसऱ्या दिवशी शांत होत नाही ना, त्याला वेळ लागतो आणि सराव लागतो.

शास्त्रात याला भरपूर आधार आहे. प्रेषित पौलाने बायबलमधल्या गलतीकरांस पत्राच्या ५व्या अध्यायात प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन असे ९ गुण सांगितलेत आणि हे पवित्र आत्म्याचं फळ आहे असं म्हटलंय. रोमकरांस पत्रात तो म्हणतो की संकटाने धीर येतो, धीराने शील, शीलाने आशा. येशूचा शिष्य पेत्र मात्र आपल्या दुसऱ्या पत्रात सरळ सांगतो की होईल तितका प्रयत्न करून विश्वासात सद्गुणाची भर घाला. म्हणजे देणारा देव, पण हातपाय आपणच हलवायचे, या दोन्ही बाजू धरल्या नाहीत तर माणूस एकतर गर्विष्ठ होतो नाहीतर आळशी.

ठाण्याला ख्रिस्ती इतिहास जुना आहे, १३२१ साली इथे ४ फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना विश्वासापायी मारण्यात आलं. शील म्हटलं की असेच मोठे प्रसंग आठवतात, पण बहुतेकांची परीक्षा घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये आणि सोसायटीच्या मीटिंगमध्येच होते, म्हणून साधनाही तिथेच बसवावी लागते. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये सकाळची मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) गाठून ऑफिसला जाणारे आहेत, तर कोणी ठाणे-वाशी लोकलच्या अर्ध्या तासात मोबाईलवर बायबलमधली स्तोत्रं वाचतो. स्तोत्रं १५० आहेत, रोज ५ वाचली की महिन्यात पूर्ण होतात, आणि बायबलमधल्याच नीतिसूत्रांचे अध्याय ३१, तारखेप्रमाणे एकेक वाचायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. उभं राहायला जागा नसली तरी एक ओळ मनात घोळवता येते.

जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या कॅथलिक घरांत संध्याकाळची जपमाळ अजून टिकून आहे. वेदीवरचा दिवा लावायचा, टीव्ही बंद, मग ५ दशकं, प्रत्येकात १० वेळा नमो मरिया, एक दशक आजी सांगणार, एक नातू, तो मध्येच पेंगला की शेजारची बहीण कोपराने ढोसणार. प्रोटेस्टंट मराठी घरांत कुटुंब-उपासना असते, शास्त्रभाग वाचायचा, आणि ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन. लहानपणी हे कंटाळवाणं वाटतं, पण रोज सगळ्यांनी एकत्र बसायची ही सवयच पुढे भांडण झाल्यावर पुन्हा बोलायला उपयोगी पडते असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात कामाची, आणि सगळ्यात दुर्लक्षित, म्हणजे रात्रीची आत्मपरीक्षा. संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी ती नीट बसवली, त्यांच्या पद्धतीत दुपारी आणि रात्री अशी दोनदा करायची. आधी दिवसात मिळालेल्या गोष्टींसाठी आभार, मग देवाकडे प्रकाश मागायचा, मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने डोळ्यांसमोर आणायचा, जिथे चुकलं तिथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी एक ठरवायचं. समजा कोपरखैरण्यात एकाने पार्किंगवरून वॉचमनला सगळ्यांसमोर झापलं, रात्री दिवस आठवताना तो गेट आला, वॉचमनचा उतरलेला चेहरा आला. इथे नुसतं 'देवा, मला सौम्य कर' म्हणून झोपणं सोपं आहे. खरी साधना सकाळी आहे, गेटवर गाडी थांबवून, काच खाली करून, 'काका, काल माझं चुकलं, माफ करा' म्हणणं, आणि तेही बाकीचे ऐकत असताना, कारण झापलं तेही सगळ्यांसमोरच होतं.

वेळ किती लागतो याचं मराठीतलं चांगलं उदाहरण ना. वा. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांचं (१८६८–१९३६). टिळकांचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा विधी) १८९५ ला झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. कडक सोवळ्यात वाढलेल्या बाई, 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनीच लिहिलंय की जातपात माणसाने केलेली आहे हे पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. मनात पटलं ते ताटात-पेल्यात उतरलं, बदल म्हणतात तो हाच.

उपासकाळ राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून ४० दिवसांचा. बरेच जण मटण-मासे, दारू किंवा हल्ली रील्स सोडतात. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात येशूने दान, प्रार्थना आणि उपास तिन्ही गुपचूप करायला सांगितलंय, त्यामुळे उपासाचं स्टेटस टाकणं टाळलेलं बरं. वाचलेले पैसे वेगळ्या डब्यात ठेवून घरकामाला येणाऱ्या मावशींच्या मुलांची फी किंवा एखाद्याचं औषध यासाठी देणारी कुटुंबं आहेत, आणि त्यांच्याकडे तो डबा ईस्टरनंतरही रिकामा नसतो.