भयविनोदी लघुपट (स्वतंत्र)

मोठ्या स्टुडिओच्या पाठबळाशिवाय काढलेला आणि एकाच प्रसंगातून भीती व हसू दोन्ही उपजवणारा छोटा चित्रपट. ऑस्करच्या नियमांत लघुपटाची कमाल लांबी श्रेयनामावलीसह ४० मिनिटे आहे. या प्रकाराला एवढी लांबी सहसा मानवत नाही. गंमत ताणली की भूतच केविलवाणे दिसू लागते.

प्रकार सिनेमाइतकाच जुना. फ्रेंच चित्रपटकार जॉर्ज मेलिएसचा १८९६ मधला, तीनेक मिनिटांचा ‘ल मान्वार द्यू दियाब्ल’ (सैतानाचा वाडा) बहुधा पहिला भयपट म्हणून सांगितला जातो. त्यात वटवाघळाचा सैतान होतो, पण सगळा थाट जादूच्या खेळाचा. मूकपटांतला अमेरिकी विनोदवीर बस्टर कीटन याच्या १९२१ मधल्या ‘द हाँटेड हाउस’मध्ये जिन्याच्या पायऱ्या ऐन वेळी सपाट होऊन घसरगुंडी बनतात.

दचकवणे आणि हसवणे, दोन्ही थांबण्यावर चालते. समजा, दार करकरते आणि माणूस दचकतो. पुन्हा करकरते, तो कडी लावून येतो. तिसऱ्यांदा तो वैतागून तेलाची बाटली घेऊन जातो, आणि दाराआडून आलेला हिरवट हात ती निमूट घेतो. हात दिसण्याआधीची शांतता किती, यावर सारे ठरते. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर सहा फ्रेम म्हणजे पाव सेकंद. संकलक तेवढ्यासाठी रात्र घालवतो. रंगभूषा स्वस्तातली असली तरी खपते, कधी तीच विनोद होते. ढिसाळ ध्वनी मात्र खपत नाही.

प्रदर्शनाचा नेहमीचा क्रम आधी महोत्सव, मग इंटरनेट. काही महोत्सव प्रथम प्रदर्शनाचा आग्रह धरतात, त्यामुळे उतावीळपणे ऑनलाइन टाकलेला लघुपट तिथे बाद होऊ शकतो. पार्श्वसंगीताचा परवाना फक्त महोत्सवापुरता घेतला असेल तर इंटरनेटवर टाकताना तो पुन्हा घ्यावा लागतो. नवखे हमखास इथेच अडकतात. सात मिनिटांच्या लघुपटाला दीड मिनिटाचा ट्रेलर जोडणे हा तर आत्मघातच: तो हात ट्रेलरमध्ये दिसला की उरते फक्त दार.

कमाई बहुधा नगण्य. लघुपट पुढच्या कामाचा नमुना म्हणून दाखवला जातो. न्यूझीलंडचे विनोदी कलावंत टायका वायटीटी आणि जेमेन क्लेमंट यांनी २००५ मध्ये एकाच घरात राहणाऱ्या रक्तपिपासूंवर (व्हँपायरांवर) लघुपट केला. त्यावरचा पूर्ण लांबीचा ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ २०१४ मध्ये आला.