व्होल्गाकाठचा काळा घोडा

रशियात व्होल्गा नदीच्या डाव्या काठावर, निझ्नी नोव्हगोरोदच्या थोडं वरच्या अंगाला, गोरोदेत्स नावाचं छोटंसं गाव आहे. ११५२ साली युरी दोल्गोरुकीनं ते वसवलं असं मानतात, पण मला या गावाबद्दल लिहावंसं वाटतं ते राजांमुळे नाही, तिथल्या सुतारांमुळे.

मागे दाट जंगल, पुढे व्होल्गा, त्यामुळे इथं पिढ्यान्‌पिढ्या लाकडी जहाजं बांधली जायची. त्यातलं एक म्हणजे रास्शिवा, शिडाचं, तळ एकदम सपाट, कारण तेव्हा व्होल्गात जागोजागी वाळूचे उथळ पट्टे होते आणि खोल तळाचं जहाज लगेच रुतून बसलं असतं. जहाजावर पानं, सिंह, जलपऱ्या कोरलेल्या असायच्या, त्याही चांगल्या उठावदार, लांबून काठावरूनही दिसाव्यात अशा. मग १९व्या शतकात वाफेच्या बोटी आल्या आणि हे काम हळूहळू आटलं, तेव्हा या लोकांनी तीच पटाशी घरांवर चालवली. तिथल्या जुन्या घरांच्या छपराखाली एक आडवी फळी असते, तिला रशियनमध्ये 'कपाळाची फळी' अशाच अर्थाचं नाव आहे, आणि तिच्यावर अर्धी बाई अर्धा मासा अशा आकृत्या दिसतात. त्यांना फाराओन्का म्हणतात, लोककथेत तांबड्या समुद्रात बुडालेली फारोची माणसं अशी झाली म्हणून. समुद्र इतका लांब, आणि बर्फातल्या घराच्या कपाळावर इजिप्तची गोष्ट, मला हे फार भारी वाटतं.

मधाच्या प्र्यानिक बिस्किटांचे लाकडी साचेही इथं कोरले जायचे, सगळं उलटं, अक्षरं असली तर तीसुद्धा, म्हणजे पिठावर सुलटी उमटतात.

पण खरी गंमत काळ्या ओकची. ओकचं झाड नदीत पडून गाळाखाली गाडलं गेलं की तिथं ऑक्सिजन जवळपास नसतो, त्यामुळे बुरशीला वाव मिळत नाही आणि लाकूड शेकडो वर्षं कुजत नाही. ओकमध्ये टॅनिन भरपूर, पाण्यात लोह विरघळलेलं, दोन्ही एकत्र आले की काळा पदार्थ तयार होतो. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळाकुट्ट पडतो ना, रसायनशास्त्र तेच, फक्त इथं कढई म्हणजे अख्खी नदी. हा काळेपणा वरून लावलेला नसतो, आतपर्यंत मुरलेला असतो.

गोरोदेत्सच्या आसपासचे कारागीर हे लाकूड कापून चरख्याच्या फळीत जडवायचे. चरखा म्हणजे आपल्यासारखा चाकाचा नाही, बाई एका लांब फळीवर बसून जवसाचं सूत कातायची. फिकट लाकडात काळे घोडे, काळे स्वार. कातून झालं की ती फळी भिंतीवर टांगायची, चित्रासारखी. पुढे जडवण्याऐवजी तेच घोडे रंगानं काढायला लागले, त्यातून आजची गोरोदेत्सची चित्रकला आली, आता तिच्यात गुलाबी फुलं, निळी पानं, सगळे रंग आहेत, पण घोडा बहुतेक वेळा अजूनही काळाच.