गोंधळ-पोवाड्याची संध्याकाळ : साऊंड ठरवण्याआधी

सोसायटीचं पटांगण असो की शाळेचं सभागृह, लोकसंगीताचा कार्यक्रम ठरला की पहिली विचारणा होते ती ‘स्पीकर किती लागतील?’ अशी. त्याआधी आम्हा साऊंडवाल्यांना तीन गोष्टी कळवा: कोण काय वाजवणार, उभ्यानं की बसून, आणि दिवट्या (गोंधळातल्या मशाली) पेटणार का. संबळ, हलगी, झांज ही मुळात उघड्यावरची वाद्यं, त्यांचा आवाज वाढवावा लागत नाही. कमी पडतो तो शब्द. पोवाड्यातला प्रसंग किंवा भारुडातली कोपरखळी मागच्या रांगेला कळली नाही तर बाकीचा दणदणाट फुकट.

म्हणून माईक आधी गळ्याला आणि तुणतुण्याला, मग उरला तर तालवाद्याला. दोनशे माणसांच्या बंद सभागृहात संबळ-हलगीला आम्ही माईक लावत नाही. झांजेला तर कुठेच नाही, ती आपसूक सगळ्या माईकांत शिरते.

शाहीर आणि झीलकरी

शाहिराचे दोन्ही हात डफात गुंतलेले, त्यामुळे हातातला माईक बाद. स्टँड चालतो, पण शाहीर झीलकऱ्यांकडे, म्हणजे मागे साथीला गाणाऱ्यांकडे, वळून ओळ टाकतो तेव्हा नेमकी तीच ओळ हवेत जाते. हेडसेट बरा. मात्र तो फेटा बांधण्याआधी लावायचा आणि वायर फेट्याखालून न्यायची, नाहीतर मान हलली की शेमला घासून स्पीकरमधून खरखर येते. डफ छातीपाशी असल्यानं हेडसेटमध्ये पुरेसा येतो. त्याला दुसरा माईक दिला की उलट तो पोकळ ऐकू येतो, कारण एकच थाप दोन माईकांत किंचित मागेपुढे पोचते. झीलकऱ्यांच्या माईकांनाही हाच नियम: तोंडापासून माईक एक वीत असेल तर दोन माईकांत निदान तीन विती अंतर हवं.

तुणतुण्याचं कातडं तळाशी असतं, म्हणून त्याचा माईक कमरेच्या उंचीवर, तोंड कातड्याकडे, साधारण १५ सेंटिमीटरवर. बहुतेक ठिकाणी तो वर तारेच्या खुंटीजवळ लावलेला दिसतो आणि मग ‘तुणतुणं ऐकूच येत नाही’ अशी तक्रार होते.

लावणी असेल तर ढोलकीला दोन माईक, शाईच्या (चढ्या आवाजाच्या) बाजूला एक आणि धुमाच्या (खर्जाच्या) बाजूला एक. रंगमंचावर जाड कार्पेट घालू नका, घुंगरांबरोबर पायाचा ठेकाही त्यात मरतो. कोरा प्लायवूड उत्तम.

कातडं आणि हवा

दमट हवेत कातडं सैल पडतं आणि सूर उतरतो. पटांगणात संध्याकाळी दव पडू लागलं की डफ, दिमडी, हलगी पुन्हा शेकावी लागते. विंगेत शेगडी किंवा हॅलोजन ठेवा, पण हॅलोजन लाईटच्या लाईनवर, साऊंडच्या नको. एसी सभागृहात याच्या उलट होतं. बाहेरून आणलेलं वाद्य कोरड्या हवेत ताणलं जाऊन सूर चढतो. एसी तासभर आधी सुरू करा आणि वाद्यं आत आणून ठेवा, मगच ढोलकी पेटीच्या पट्टीशी जुळवता येते.

दिवटी

गोंधळात दिवटी असते आणि बुधलीतून तिच्यावर तेल घातलं जातं. ते गळतंही. चौक (देवीच्या पूजेची मांडणी) मांडायला निदान चार बाय चार फूट जागा सोडा, खाली सुती सतरंजी घाला, सिंथेटिक नको. आमच्या केबल मागच्या कडेनं जातील, चौकासमोरून एकही नाही. वरचा पंखा बंद, जवळ वाळूची बादली. सभागृहवाल्यांना आगाऊ विचारा: काही ठिकाणी उघड्या ज्योतीला मनाई असते आणि धूर ओळखणारा अलार्म ऐन आवाहनात वाजतो.

शिट्टी का येते

स्पीकरमधून निघालेला आवाज माईकला पुन्हा ऐकू गेला की शिट्टी येते. गोंधळी संबळ कमरेला बांधून नाचत पुढे येतो, त्याच्यामागून माईकवाला आला आणि स्पीकरच्या पुढे गेला की संपलं. आम्ही जमिनीवर पांढरी पट्टी चिकटवतो, ती कलाकारांना दाखवा. माईकची जाळी मुठीत धरली तरी हेच होतं.

लांबट मंडपात मधे स्पीकरची दुसरी जोडी लागते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ३० मीटरला ८७ मिलिसेकंद. दुसऱ्या जोडीला तेवढा उशीर दिला नाही तर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

परवानगी आणि वेळ

लाउडस्पीकरची लेखी परवानगी आयोजकांनी घ्यायची. अर्ज पोलीस ठाण्यात करा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. ‘माईक बंद करून संबळ चालू ठेवू’ असं पुष्कळजण म्हणतात, पण २०१० च्या दुरुस्तीनंतर वाद्यांनाही तीच बंदी आहे. बंदिस्त सभागृहाला सवलत आहे, आवाज बाहेर जाता कामा नये. सरकारनं जाहीर केलेल्या मोजक्या सणांच्या दिवशी मुदत १२ पर्यंत असते. रात्रभराचा गोंधळ तीन तासांत बसवताना आख्यान कापू नका, सत्कार कापा.

साऊंड चेकला दीड तास लागतो, तोही फेटे बांधून आणि डफ शेकून झाल्यावर. कोऱ्या माईकवर ‘हॅलो, वन टू थ्री’ म्हणून काहीच कळत नाही, गणाच्या (सुरुवातीच्या गणेशस्तवनाच्या) दोन ओळी खऱ्या आवाजात म्हणायला सांगा. कलाकारांच्या पार्टीचं जेवण त्यानंतर.