नोटरीकडची फारकत आणि कोर्टाचा घटस्फोट

‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, दोन साक्षीदार, खाली नोटरीचा शिक्का आणि मधोमध हे वाक्य: ‘आजपासून उभयतांचा पती-पत्नी म्हणून काहीएक संबंध राहिला नसून दोघेही दुसरा विवाह करण्यास मोकळे आहेत.’ सिन्नर, निफाड, दिंडोरीकडे असा फारकतनामा कपाटात जपून ठेवलेली घरं आहेत, नाशिक शहरातही आहेत. दोन्हीकडची मंडळी बसली, देणंघेणं मिटलं, दागिने-भांडी परत गेली, सह्या झाल्या, की विषय संपला असं सगळे धरून चालतात. कायद्याच्या हिशेबात लग्न मात्र होतं तिथंच असतं.

1955च्या हिंदू विवाह कायद्याखाली (बौद्ध, जैन, शीख यांनाही तोच लागू) लग्न मोडतं ते न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. स्टॅम्प पेपर शंभरचा असो की आताचा पाचशेचा, त्यावर कितीही सह्या असोत. 2024च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या विधी खात्यानेही नोटरींना बजावलं की लग्नाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करणं त्यांचं काम नाही. अपवाद एकच: हिंदू विवाह कायद्याचं कलम 29(2) रूढीने चालत आलेली काडीमोड मानतं. पण ‘आमच्यात चालतं’ एवढं म्हणून भागत नाही. ती रूढी जुनी आहे, अखंड चालू आहे, हे पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं आणि बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं. मुस्लिम कायद्यात मुबारातसारखी परस्पर संमतीची, न्यायालयाबाहेरची रीत मान्य आहे. तो विषय वेगळा.

मग फारकतनाम्याने काय होतं? जे व्हावं म्हणून लिहिला ते होत नाही, आणि भलतंच होऊन बसतं. त्याच्या भरवशावर केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरतं, वर द्विविवाहाचा गुन्हा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 82खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नवरा मृत्युपत्र न करता वारला, तर द्राक्षबागेच्या सातबाऱ्यावर विधवा म्हणून पहिल्या बायकोचंच नाव लागायला हवं. दुसरी, जिने दहा-पंधरा वर्षं त्या बागेत राबून काढली, तिच्या हाती विधवा म्हणून काही येत नाही. तिच्या मुलांना कायदा औरस मानतो, एवढाच दिलासा.

बायकांनी विशेष लक्ष द्यावं अशी खोच पोटगीत आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125, सांगतं की नवरा-बायको आपसांतल्या संमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला त्या कलमाखाली पोटगी मागता येत नाही. ‘आम्ही राजीखुशीने विभक्त झालो’ हे फारकतनाम्यातलं वाक्य नवऱ्याचा वकील नेमकं तिथंच वापरतो. म्हणजे त्या कागदाने ती घटस्फोटितही होत नाही आणि पोटगीचा दावाही लंगडा पडतो. उलट कोर्टातून घटस्फोट झालेली, पुन्हा लग्न न केलेली आणि स्वतःचं पोट भरू न शकणारी बाई त्याच कलमासाठी ‘पत्नी’च धरली जाते. हे ऐकून पुष्कळांचा विश्वास बसत नाही.

मुलांचं तर आणखी स्पष्ट आहे. ‘एकरकमी दोन लाख मिळाले, मुलाच्या नावावर पुढे काही मागणार नाही’ असं आईने लिहून दिलं तरी मुलाचा हक्क मुलाचाच राहतो. आईला तो सोडता येत नाही. फारकतनाम्यात लिहिलेलं असो की कोर्टातल्या संमतीच्या अटींत, मुलाला ते बांधत नाही. मुलगा सज्ञान होईपर्यंत, आणि स्वतःचा खर्च भागवू न शकणारी अविवाहित मुलगी असेल तर 1956च्या दत्तक व निर्वाह कायद्याखाली त्यानंतरही, बापाकडे मागणी करता येते. ‘पगाराच्या पंचवीस टक्के’ हा पारावरचा हिशेब सोडून द्या, ठरीव टक्केवारी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज प्रतिज्ञापत्रावर द्यावं लागतं, आणि पोटगी सर्वसाधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरतात.

कोर्टातला परस्पर संमतीचा घटस्फोट म्हणजे हिंदू विवाह कायद्याचं कलम 13-ब. वर्षभर वेगळे राहिलेले असले की दोघांनी मिळून अर्ज करायचा. नाशिक शहरात तो कौटुंबिक न्यायालयात जातो. समुपदेशकासमोर बसावं लागतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं, मग दोघांनी पुन्हा येऊन ‘हो’ म्हणायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017च्या अमरदीप सिंग निकालानंतर हे सहा महिने माफ होऊ शकतात. मात्र दीड वर्ष आधीच वेगळं राहून झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न फसलेले हवेत आणि पोटगी, मुलांचा ताबा सगळं मिटलेलं हवं. हुकूमनामा होईपर्यंत कुणीही एकजण संमती मागे घेऊ शकतो. म्हणून देण्याची रक्कम एकदम हातात न देता काही पहिल्या अर्जाला, उरलेली शेवटच्या तारखेला अशी बांधून घेतात. ते शहाणपणाचं आहे.

घरात फारकतनामा पडून असेल तर फाडू नका. वेगळं राहणं कधीपासून सुरू झालं याचा तो बऱ्यापैकी पुरावा ठरतो, आणि त्यातल्या देण्याघेण्याच्या अटी वकिलाकडून तपासून अर्जात घेता येतात. वकिलाची फी परवडत नसेल तर बाईने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. निकाल लागला की हुकूमनाम्याच्या सही-शिक्क्याच्या दोन-तीन नकला लगेच काढून घ्या. नावाची दुरुस्ती, विमा, मुलाच्या शाळेची कागदपत्रं अशा ठिकाणी पुढे तीच मागतील.