अंगणातल्या रेतीतला लोहकीस

रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडे जा आणि एखादा फाटलेला जुना स्पीकर मागा. त्याच्या पाठीमागे राखाडी-काळ्या रंगाचं जाड कडं असतं, तेच फेराइटचं लोहचुंबक. ते त्याच्याकडूनच सोडवून घ्या. घरी हातोडी मारलीत तर ते कपबशीसारखं तडकेल. पुढच्या जवळजवळ सगळ्या उद्योगांना हे एक कडं पुरतं.

चुंबक दुधाच्या रिकाम्या, धुतलेल्या पिशवीत गुंडाळा आणि ओढ्याकाठच्या कोरड्या वाळूत फिरवा. ओढा जवळ नसेल तर पावसाचं पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या कडेला साचलेली रेतीही चालेल. चुंबक वर काढलं की पिशवीला काळी दाढी फुटलेली दिसते. ती कागदावर धरा, चुंबक आतून बाहेर ओढा, की सगळी दाढी कागदावर गळून पडते. पिशवी विसरलात तर मात्र ते कण निघता निघत नाहीत. आठदहा वेळा असं केलं की चमचाभर काळी पूड जमते. शाळेतल्या प्रयोगाला लागतो तो लोहकीस विकत आणायची गरजच नाही.

ही पूड आली कुठून? शहरातल्या रस्त्यावर तिच्यात झिजलेल्या लोखंडाचे कणही असतात. पण ओढ्यातली पूड मुख्यतः मॅग्नेटाइटच्या जातीच्या खनिजाची असते, आणि ते खनिज आपल्या काळ्या पाषाणातलं, म्हणजे बेसॉल्टमधलं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या बहुतेक भागावर लाव्हाचे थरांवर थर पसरले. लाव्हा तापलेला असताना त्यातल्या खनिजांना चुंबकत्व नसतं. शुद्ध मॅग्नेटाइट सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आलं, की त्या क्षणी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेला असेल ती दिशा ते पकडून ठेवतं आणि दगड पुरता गार झाला की ती तशीच राहते. १९५० च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी दख्खनच्या खडकांत अडकलेली ही दिशा मोजली. ती आजच्या दिशेशी जुळेना. हा लाव्हा वाहिला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, असा तिचा अर्थ निघाला. खंड सरकतात हे मानायला भूशास्त्रज्ञ तयार नव्हते, त्या काळात हा फार मोठा पुरावा होता. ओढ्यातले कण सुटे होऊन उलटसुलट पडलेले असल्यामुळे त्यांच्यातली ती जुनी दिशा आता वाचता येत नाही. त्यासाठी जागचा न हललेला कातळच हवा.

आता या पुडीने चित्र काढू. चुंबकावर जाडसर पुठ्ठा ठेवा, वरून पूड चिमटीने हलकेच भुरभुरवा आणि पुठ्ठ्याच्या कडेला बोटाने टिचक्या मारा. प्रत्येक टिचकीला कण किंचित उडतात आणि पडताना क्षेत्राच्या दिशेत वळून बसतात. घाईने मूठभर पूड ओतली तर नुसता ढीग होतो, म्हणून हात आखडताच ठेवा.

तरंगती पेन्सिल बहुतेकांनी प्रदर्शनात पाहिली असेल. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी अशी कितीतरी खेळणी टाकाऊ वस्तूंतून बनवून देशभर पोहोचवली. हिला सहा छोटी कडी लागतात. चार कडी दोन जोड्यांत जुन्या स्लिपरच्या रबरात उभी रोवायची, दोन पेन्सिलीत ओवायची. सहाही कड्यांची सारखी बाजू एकाच दिशेला यायला हवी, म्हणून आधी पेनाने खुणा करून घ्या. पेन्सिलीवरची कडी खालच्या जोड्यांपेक्षा जराशी पुढे ठेवली, की पेन्सिल वर उचलली जाते आणि पुढेही ढकलली जाते. तिचं टोक टेकायला समोर जुनी सीडी उभी करा. हा टेकू काढता येत नाही. नुसत्या स्थिर कायम चुंबकांच्या जोरावर एखादं चुंबक हवेत स्थिर राहू शकत नाही, हे सॅम्युअल अर्नशॉ यांनी एकोणिसाव्या शतकातच गणिताने सिद्ध केलं आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगते. खेळणी म्हणून मिळणाऱ्या निओडिमियम चुंबकाच्या चकचकीत गोळ्या लहान मुलांच्या घरात आणूच नका. दोन गोळ्या पोटात गेल्या तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून त्या एकमेकींना चिकटतात आणि मधलं आतडं चिमटून त्याला भोक पडू शकतं. मुलाने गोळी गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता दवाखाना गाठा.

माझा सगळ्यात आवडता उद्योग मात्र सुईचा. शिवणाची सुई पोलादी असते, म्हणून मिळालेलं चुंबकत्व ती टिकवून धरते. चुंबकाचं एकच तोंड नेढ्याकडून टोकाकडे घासत न्या, टोकाशी उचलून घ्या, हवेतून परत नेढ्यापाशी या. असं चाळीसेक वेळा. पुढेमागे घासलंत तर केलेलं पुसलं जातं. मग काचेच्या वाडग्यात पाणी घ्या, त्यावर वाळक्या पिंपळपानाचा तुकडा सोडा आणि सुई त्याच्यावर ठेवा. पान संथपणे वळतं, थोडं पुढे जातं, मागे येतं आणि थांबतं. सूर्य उगवतो ती बाजू उजव्या हाताला ठेवून उभे राहा, म्हणजे सुईचं कोणतं टोक उत्तरेला आहे ते कळेल. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फार तर एखाद्या अंशाचा फरक आहे. न्यूयॉर्कमध्ये तो दहा अंशांच्याही वर जातो. स्लॅबच्या घरात सुई थोडी भलतीकडे वळली तर दोष तुमचा नाही, सळयांचा आहे. वाडगं अंगणात न्या.

हीच अडचण मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेपुढे फार मोठ्या प्रमाणावर आली होती. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. रुळांतून आणि जमिनीतून परतणाऱ्या विजेच्या प्रवाहाने नाजूक चुंबकसुया हलत्या, नोंदी बिघडत्या. म्हणून १९०४ साली नवी चुंबकीय वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला सुरू झाली. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी ठेवून जुनी मापं नव्या मापांशी जुळवून घेतली गेली. नानाभाई मूस तेव्हा वेधशाळेचे संचालक होते. अलिबागला आजही नोंदी चालू आहेत.

ती इमारत उभारताना लोखंड वर्ज्य होतं, आणि आपला काळा दगडसुद्धा. तो सह्याद्रीत हवा तेवढा होता, पण त्यात तेच कण आहेत जे तुमच्या दुधाच्या पिशवीला चिकटले. मग भिंतींसाठी पोरबंदरचा फिका दगड निवडून आणला.